कॅज्युअल्टीतून बाहेर जाणारी शीट: ओव्हरडोसच्या नोंदी जपून कशा द्यायच्या

"मागच्या महिन्यात गोळ्या खाऊन किंवा नशा जास्त होऊन आलेल्या पेशंटची यादी पाठव ना, दुपारी मीटिंग आहे." ठाण्यात किंवा नवी मुंबईत रुग्णालयाच्या नोंदींवर कामाला लागलेल्या नव्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत असा फोन एकदा तरी येतोच. बोलणारी व्यक्ती वरिष्ठ असते, आवाजात घाई असते आणि रजिस्टर टेबलावर उघडंच असतं. मोबाइल काढायचा, पानाचा फोटो घ्यायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा. एका मिनिटाचं काम. तो फोटो घेण्याआधी वाचावा म्हणून हा लेख लिहिते आहे: नवे डेटा एंट्री ऑपरेटर, पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचे) इंटर्न, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे) विद्यार्थी आणि व्यसनमुक्तीच्या संस्थांत नुकतेच आलेले कार्यकर्ते यांच्यासाठी.

या नोंदी द्यायला हव्यात, हे आधी ठामपणे सांगते. नकाशा डोळ्यांसमोर आणा. दिघा नवी मुंबई महापालिकेत, आणि त्याला लागून असलेला विटावा ठाणे महापालिकेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिक्षाने पाच मिनिटं गेलात की हद्द बदलते. या पट्ट्यात भेसळीची गर्द किंवा नेहमीपेक्षा तीव्र गोळी फिरू लागली, तर काही पेशंट कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातील, काही ऐरोलीत किंवा वाशीला पालिकेच्या रुग्णालयात, काही जवळच्या नर्सिंग होममध्ये. प्रत्येक कॅज्युअल्टीला एक-दोन केस दिसतील आणि एवढं तर होतच असतं असं वाटून पान उलटलं जाईल. सगळ्यांची पानं शेजारी ठेवली तरच कळतं की एकाच आठवड्यात एकाच प्रकारची सात माणसं आली.

आता त्याच प्रसंगाची दुसरी बाजू. मुलगा बेशुद्ध पडलाय, ओठ निळे पडायला लागलेत, आणि घरात वाद चाललाय की १०८ ला फोन करायचा की नाही. पोलीस येतील का? विंगमध्ये कळेल का? बहिणीचं ठरत आलंय, त्याचं काय? श्वास मंदावलेल्या माणसाला असली दहा मिनिटं परवडत नाहीत. रुग्णालयातून गोष्टी फुटतात हा समज वस्तीत एकदा पसरला, की पुढच्या प्रत्येक घरात हा वाद लांबतो. म्हणून मी गोपनीयतेला कागदपत्राचा भाग मानत नाही, ती मला प्राणवायूच्या सिलिंडरइतकी गरजेची वाटते. खालच्या पायऱ्या याच समजुतीतून आल्या आहेत.

पहिली पायरी: कोण मागतंय आणि कशासाठी, ते एका ओळीत लिहा

विनंती तोंडी आली तरी वहीत लिहून घ्या: नाव, हुद्दा, तारीख आणि या माहितीवरून कोणता निर्णय घेतला जाणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. "निर्णय काही नाही, नुसतं बघायचंय," असं उत्तर आलं तर एक आकडा सांगून काम भागतं.

नवीन माणूस तीन वेगळ्या प्रकारच्या विनंत्या एकाच पिशवीत घालतो. त्या आधी वेगळ्या करा.

एक, उपचारासाठी. पेशंट ऐरोलीहून वाशीला किंवा कळव्याला पाठवलाय आणि तिथले डॉक्टर विचारतायत. इथे काही लपवायचं नाही. काय घेतलं, किती वाजता, कोणतं इंजेक्शन दिलं, सगळं रेफर नोटमध्ये आणि फोनवर, नावासकट. जिवाला धोका असताना उपचारासाठी माहिती वापरायला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातही वाट ठेवलेली आहे. गोपनीयतेच्या नावाखाली डॉक्टरला अडवणं ही गंभीर चूक आहे.

दोन, कायद्यासाठी. पॉयझनिंगची केस एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, होते आणि पोलिसांना इंटिमेशन जातं. ते काम कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरचं, ठरलेल्या फॉर्मवर, एकेका केसपुरतं. तुमच्या टेबलावर येऊन कुणी "सहा महिन्यांत नशा करून आलेल्यांची नावं द्या" म्हटलं, तर ती इंटिमेशन नसून यादी आहे. लेखी पत्र मागा आणि ते वैद्यकीय अधीक्षकांकडे पाठवा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचं गुपित उघड करायला मोजकेच अपवाद आहेत: न्यायालयाचा आदेश, कुणाला तरी गंभीर आणि नेमका धोका, अधिसूचित आजार. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातसुद्धा, ६४-अ कलमात, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला ठरावीक गुन्ह्यांपुरतं खटल्यापासून संरक्षण आहे. कायद्यालाच तो माणूस दवाखान्यात यायला हवा आहे. आपण यादी करून त्याला परत पाठवू नये.

तीन, मोजणीसाठी आणि इशाऱ्यासाठी. कुठे वाढतंय, कशामुळे वाढतंय, औषधांचा साठा कुठे हवा. यात कुणाचीही ओळख लागत नाही. यापुढचा सगळा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

दुसरी पायरी: 'ओव्हरडोस' म्हणजे नेमकं काय मोजतोय ते ठरवा

आपल्या पॉयझनिंगच्या रजिस्टरमध्ये सगळं एकत्र असतं. उंदराचं औषध, कीटकनाशक, लहान मुलाने चुकून प्यायलेलं फिनाइल, झोपेच्या गोळ्या, दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन), खोकल्याचं सिरप. काही ठिकाणी सर्पदंशही त्याच वहीत. ही सरसकट बेरीज करून "ओव्हरडोस इतके" असा आकडा पुढे पाठवणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल. आयसीडी-१० (आजारांच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय कोडयादी) वापरत असाल तर औषधं आणि अमली पदार्थांची विषबाधा टी ३६ ते टी ५० मध्ये येते, कीटकनाशकं टी ६० मध्ये. कोडिंग होत नसेल तर निदान चार गट करा: औषधी गोळ्या-सिरप, अमली पदार्थ, दारू, इतर विष.

पदार्थाच्या नावापुढे ते कसं कळलं हे लिहायची सवय लावून घ्या: सांगितलं, स्ट्रिप किंवा पुडी दिसली, की लॅबने सिद्ध झालं. बहुतेक वेळा नुसतं सांगितलेलं असतं, आणि तेही घाबरलेल्या मित्राने. लघवीच्या साध्या पट्टीवरही फार विसंबू नका. अफूवर्गासाठीच्या नेहमीच्या पट्टीत ट्रामाडॉल किंवा फेंटानिल दिसत नाही. पट्टी निगेटिव्ह म्हणून अफूवर्गीय काही नव्हतंच, असं ठरत नाही. त्यापेक्षा नालोक्झोन (अफूवर्गीय पदार्थांवरचा उतारा) दिलं का, आणि दिल्यावर श्वास सुधारला का, ही दोन उत्तरं जास्त बोलकी असतात.

हेतूचा रकाना मात्र वेगळा काढा. चुकून झालं, नशेत झालं की जीव द्यायचा होता, हे मोजणीच्या शीटमध्ये ओळीगणिक कधीच जाऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरलंय, आणि २३ वं कलम मानसिक आजाराच्या माहितीला गोपनीयतेचा हक्क देतं. त्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. हेतूची आकडेवारी लागलीच, तर संपूर्ण शहराची, वर्षाची, बेरजेच्या स्वरूपात. आणि किती गोळ्या घेतल्या हा आकडा सार्वजनिक अहवालात कुठेच नको. तो वाचून कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं.

तिसरी पायरी: दोन फाइली करा

एक फाइल ओळखीची. त्यात नाव, केस पेपर नंबर, मोबाइल, पत्ता. ती रुग्णालयाबाहेर जात नाही. दुसरी कामाची. त्यात फक्त एक क्रमांक, जो तुम्ही आडवातिडवा दिलेला असेल. केस पेपर नंबर उलटा करून किंवा त्यात पाच मिळवून क्रमांक बनवू नका. दाखल झाल्याच्या क्रमाने १, २, ३ हेही नको, कारण रजिस्टर ज्याच्याकडे आहे तो बोट ठेवून मोजेल.

कुणी म्हणेल, मोबाइल नंबरचा हॅश, म्हणजे गणिती सूत्राने बनणारा सांकेतिक क्रमांक, काढू, म्हणजे ओळख झाकली जाईल. ऐकायला भारी वाटतं, पण आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. साध्या लॅपटॉपवर या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघायला तासभरही पुरतो. हॅश करायचाच असेल तर गुप्त किल्ली वापरून, आणि ती किल्ली आकडे वापरणाऱ्याकडे नको.

पुढच्या पायरीवर जाण्याआधी एक काम उरकून घ्या: दुबार नोंदी काढणं. एकच पेशंट १०८ च्या नोंदीत, ऐरोलीच्या रजिस्टरमध्ये आणि रेफर होऊन वाशीच्या रजिस्टरमध्ये असतो. तीन ओळी, माणूस एक. वय, लिंग, दाखल व्हायची वेळ आणि 'रेफर होऊन आला' हा शेरा बघून आतल्या आतच जुळवा. माहिती धूसर केल्यावर हे जमत नाही.

चौथी पायरी: वय, जागा, वेळ धूसर करा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबते. माझीही चूक इथेच झाली होती. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका बैठकीसाठी मी शीट केली, नावं नीट काढली आणि समाधानाने प्रोजेक्टरवर लावली. एका ओळीत होतं: स्त्री, २३, नोड (वाशी, नेरूळसारखा भाग), सेक्टर, आणि शेऱ्यात डॉक्टरांनी घाईत लिहिलेलं 'साखरपुडा मोडला'. मागच्या रांगेतून एक बाई सहज बोलून गेल्या, "अगं, ही तर आमच्याच लाइनमधली." पुढे ती मुलगी फॉलोअपला आली नाही. त्या बैठकीचा आणि न येण्याचा संबंध होता का, हे मला कधी कळलं नाही. पण ती ओळ मी भिंतीवर लावली होती.

आपली शहरं मोठी दिसतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका १८ लाखांच्या घरात आणि नवी मुंबई महापालिका ११ लाखांच्या. पण माणूस राहतो तो विंगमध्ये, चाळीत, गल्लीत. तिथे २३ वर्षांची, साखरपुडा मोडलेली, एकच असते.

हे जगभर घडलंय. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. लतान्या स्वीनी तेव्हा संशोधन करत होत्या. त्यांनी केंब्रिज गावाची मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा झिप कोड जुळवला, आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद बाहेर काढली. आपल्या मतदार यादीतही नाव, वय, लिंग, घर क्रमांक असतो. जुळवायला कुणाला बसायचंच असेल तर सामग्री तयार आहे.

म्हणून:

वय दहा-दहा वर्षांच्या गटात. १८ च्या खालचे सगळे एकाच गटात, आणि साठीच्या वरचेही एकाच.

जागेसाठी नवी मुंबईत सेक्टर सोडून नोड घ्या. पालिकेची विभाग कार्यालयं आठ आहेत: बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. ठाण्यात 'वागळे इस्टेट, रोड नंबर २२' असं न लिहिता प्रभाग समिती लिहा: नौपाडा-कोपरी, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे, उथळसर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा. सोसायटी, लॉज, कॉलेज, कंपनी, बार यांची नावं बाहेर जाणाऱ्या शीटमध्ये कधीच नको. राहण्याची जागा आणि घटनेची जागा हे दोन रकाने वेगळे असावेत, पण बाहेर देताना दोन्हींतला एकच द्यावा. 'राहतो दिव्यात, सापडला नेरूळमध्ये' एवढ्यावरून ओळख पटू शकते. साठा कुठे ठेवायचा हे विचारत असतील तर घटनेची जागा, जनजागृती कुठे करायची हे विचारत असतील तर राहण्याची.

रुग्णवाहिकेच्या नोंदीत जीपीएस असतं, त्याकडे विशेष लक्ष द्या. अक्षांश-रेखांशाचे चार दशांश म्हणजे साधारण ११ मीटर, म्हणजे बिल्डिंगचा दरवाजा. तीन दशांश म्हणजे सुमारे ११० मीटर. दोन दशांश म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. बाहेर द्यायचं तर दोनच्या पुढे जाऊ नका. नकाशावर टाचण्या टोचून दाखवायचा मोह फार होतो, तो टाळा आणि विभाग रंगवून दाखवा.

वेळेत तारीख काढा, आठवडा ठेवा. दिवसाची वेळ हवी असेल तर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र एवढंच. दहीहंडी, थर्टी फर्स्ट, होळी यांच्या तारखा तर लगेच ओळखू येतात. "त्या रात्री ॲम्ब्युलन्स आली होती ना" हे सगळ्यांना आठवतं.

लिंगाच्या रकान्यात तृतीयपंथी व्यक्तींची नोंद आत जरूर ठेवा, पण विभागवार तक्ते करताना तो रकानाच गाळा. एका विभागात महिन्याला एकच नोंद असेल तर ती व्यक्ती कोण, हे सगळ्या नाक्याला माहीत असतं.

एचआयव्हीची स्थिती, गर्भारपण, जात, धर्म, भाषा, मूळ गाव हे रकाने मागितले तरी द्यायचे नाहीत. एचआयव्हीसाठी तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. आणि शेऱ्याचा रकाना पूर्ण कापा. वाचून, निवडून, सुधारून पाठवू म्हणाल, तर माझ्यासारखं होईल.

पाचवी पायरी: लहान आकडे

समजा एका महिन्याचा तक्ता असा आला, आकडे मनचेच आहेत: बेलापूर ६, नेरूळ ७, तुर्भे ९, वाशी ५, कोपरखैरणे ८, घणसोली २, ऐरोली ६, दिघा ५. एकूण ४८. ठरवलं की पाचपेक्षा कमी आकडा छापायचा नाही, म्हणून घणसोलीपुढे चौकोन काळा केला. पण बेरीज ४८ तशीच आहे आणि बाकीच्यांची ४६ होते. शाळकरी पोरगंसुद्धा दोन काढेल. अशा वेळी आणखी एक आकडा झाकावा लागतो, किंवा मला जास्त आवडणारी वाट म्हणजे शेजारचे विभाग जोडणं: कोपरखैरणे-घणसोली १०. कुठेच भोक राहत नाही आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी हाती लागतं.

पाचाचाच आकडा का, असं विचारलं जाईल. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या वॉन्डर या आकडेवारीच्या व्यवस्थेत राज्य किंवा जिल्हा पातळीवरचे १ ते ९ मृत्यू दाखवतच नाहीत. आपल्या कामात पाच पुरेसे की दहा हवेत, हे विषयाच्या नाजूकपणावरून संस्थेने एकदाच लेखी ठरवावं आणि दर वेळी तेच पाळावं. शून्य आणि 'झाकलेलं' यांची खूण मात्र वेगळी ठेवा.

आणखी एक सापळा. सोमवारी तुम्ही सांगितलं, या महिन्यात आतापर्यंत २१. बुधवारी विचारलं, तुम्ही सांगितलं २२. दोन्ही आकडे मोठे, दोन्ही निरुपद्रवी. पण मधल्या दोन दिवसांत आलेला तो एक कोण, हे नाक्यावर कळलंच. म्हणून आकडे द्यायचा दिवस ठरलेला असू द्या आणि त्या दिवसाव्यतिरिक्त चालू बेरीज कुणालाही सांगू नका.

सहावी पायरी: घाईचा इशारा वेगळ्या वाटेने

इथे कुणीही विचारेल, की आठवडे आणि विभाग जोडत बसलो तर भेसळीच्या गोळीने आणखी चार जण जातील, त्याचं काय? बरोबर आहे. म्हणून दोन वाटा हव्यात. तिमाही अहवाल सगळ्यांसाठी, पुरेसा धूसर. आणि काही तासांत जाणारा इशारा, फक्त आरोग्य यंत्रणेतल्या ठरलेल्या हुद्द्यांसाठी: दोन्ही महापालिकांचे आरोग्य विभाग, जवळच्या कॅज्युअल्टी, १०८ चे समन्वयक. अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेली ओडीमॅप नावाची व्यवस्था याच कल्पनेवर चालते. घटनास्थळावरून जागा, वेळ, जीव वाचला की नाही, नालोक्झोन दिलं का, एवढीच नोंद होते, नाव नाही. मात्र ती अमली पदार्थविरोधी पोलिसी कार्यक्रमातून उभी राहिली आणि पोलीसही ती बघतात. आपण तिच्यातला मोजक्या रकान्यांचा भाग घ्यावा आणि इशारा आरोग्याच्याच हाती ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इशाऱ्याचा मजकूर काहीसा असा असावा:

"केवळ आरोग्य यंत्रणेसाठी, पुढे पाठवू नये. गेल्या ७२ तासांत ऐरोली, दिघा, कळवा भागातून श्वास मंदावलेले, बाहुल्या बारीक झालेले रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आले आहेत. पदार्थ: गोळी, रुग्ण व सोबतच्यांच्या सांगण्यानुसार, लॅबची खात्री नाही. काहींना नालोक्झोन पुन्हा द्यावं लागलं. साठा तपासावा. रुग्ण शुद्धीवर आला तरी लगेच सोडू नये."

यात वय नाही, लिंग नाही, वस्ती नाही, आणि तरी डॉक्टरला जे करायला हवं ते सगळं आहे. शेवटचं वाक्य तर जीव वाचवणारं. नालोक्झोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि पोटातला पदार्थ त्याहून जास्त वेळ काम करत राहतो. लोकांसाठी सूचना काढायची असेल तर ती आणखी साधी करा: कुणी बेशुद्ध पडलं, श्वास घरघरतोय, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. खाली टेलीमानसचा (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन नंबर.

सातवी पायरी: फाइल उघडून, उलटी करून बघा

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारासारख्या एका अर्जाला एक्सेल शीटने उत्तर दिलं. मागे एक लपवलेलं पान राहून गेलं होतं. सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांची आडनावं आणि नेमणुका उघड्या पडल्या. लपवलेली पानं, लपवलेले रकाने, आणि सगळ्यात फसवा तो पिव्हट तक्ता (एक्सेल आपोआप बनवतं तो बेरजेचा तक्ता): वर बेरीज दिसते, पण पोटात मूळ ओळी तशाच साठवलेल्या असतात. डबल क्लिक केलं की बाहेर येतात. म्हणून पाठवायचा तक्ता नव्या फाइलमध्ये फक्त आकडे म्हणून (पेस्ट व्हॅल्यूज) चिकटवा, किंवा सरळ सीएसव्ही करा. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि कॉपी होतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो कधीच नको, वरच्या आणि खालच्या ओळीतही माणसंच असतात. फाइलला पासवर्ड द्या, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका.

आठवी पायरी: सिस्टरांना दाखवा

संगणक पकडत नाही ते कॅज्युअल्टीतल्या सिस्टर पकडतात. शीट बाहेर जाण्याआधी त्या वॉर्डात काम करणाऱ्या एखाद्या सिस्टर किंवा मावशींना दहा मिनिटं बसवा आणि एकच विचारा: "यात कुणी ओळखू येतंय का?" त्या ओळीवर बोट ठेवून "हा तो, नाही का?" म्हणाल्या की ती ओळ अजून धूसर व्हायची आहे. नाव उच्चारायला लावू नका, फक्त हो की नाही. ही तपासणी करायला आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. त्या बैठकीनंतर मी सुरू केली आणि आजवर एकदाही वाया गेलेली नाही.

नववी पायरी: कागद

देणाऱ्या आणि घेणाऱ्या संस्थेत एक पानी करार असावा. कशासाठी, कोणते रकाने, कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार, आणि ओळख शोधायचा प्रयत्न करणार नाही अशी कबुली. संशोधन असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याची पूर्ण वाट दिलेली आहे. २०२३ च्या डेटा कायद्यात संशोधन आणि आकडेवारीसाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बऱ्याचशा जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

दबाव आला तर

येतोच. वार्ताहर विचारतो, "कुठल्या सोसायटीतली केस?" सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "आमच्याकडची आहे का तेवढंच सांगा." ओळखीचे नगरसेवक कार्यालयातून फोन करवतात. चिडायचं नाही, उपदेशही करायचा नाही. मी म्हणते, "साहेब, विभागापर्यंतचं सांगता येतं, त्याच्या आतलं आम्ही कुणालाच देत नाही." 'कुणालाच' या शब्दाने पुढच्याला अपमान वाटत नाही. 'नाही, आमच्याकडची नाहीये' असंही सांगू नका. दहा सोसायट्यांना नाही म्हणालात, की अकरावी उघडी पडते.

चूक झाली तर

चुकीच्या माणसाला फाइल गेली, ग्रुपवर फोटो पडला, पेन ड्राइव्ह लोकलमध्ये राहिला. पहिल्या तासात वरिष्ठांना सांगा. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, पण त्याआधी काय गेलं आणि किती जणांना, याची नोंद घ्या. ज्यांच्याकडे पोचलं त्यांना एकेकाला फोन करून पुसायला सांगा. नव्या नियमांत अशी फूट झाल्यावर संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवायची आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायची तरतूद आहे. जे वरिष्ठ चूक सांगणाऱ्या नवख्याला सगळ्यांसमोर झापतात, त्यांच्याकडे पुढची चूक कुणी सांगत नाही. हे वरिष्ठांसाठी लिहिलंय.

शेवटची पायरी

अहवाल तयार झाला की त्याची एक प्रत परत कॅज्युअल्टीत न्या. रात्री तीन वाजता नालोक्झोनचा रकाना भरणाऱ्या सिस्टरला कळू द्या की त्या रकान्यामुळे साठा वाढवून मिळाला, किंवा अजून मिळाला नाही. पुढच्या महिन्याचे रकाने आपोआप नीट भरलेले येतात. मग करारातली तारीख बघा. ती उलटली असेल तर दिलेल्या प्रती पुसल्याचं पत्र मागवा, क्रमांक आणि नावं जुळवणारी किल्लीची वही श्रेडरमध्ये घाला, साक्षीला आणखी एकाला उभं करा, आणि दोघांच्या सह्या व तारीख रजिस्टरमध्ये लिहा.